वाचकांचे प्रश्न : चीनची बादशाही निशाणे

गेल्या अंकात १८९४ च्या यालू येथील सागरी लढाईवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात चिनी जहाजांवरील पिवळ्या ड्रॅगन-निशाणाचा ओझरता उल्लेख होता, आणि चीनला राष्ट्रध्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला, असे एक वाक्यही होते. या दोन गोष्टींवरून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती क्रमाने वाचल्यास अधिक बरे.

प्रश्न : चीनचे साम्राज्य इतके जुने असून त्याला राष्ट्रध्वज नव्हता, हे पटत नाही. मांचू राजवटीची तर ‘आठ निशाणे’ प्रसिद्ध आहेत. त्यांना ध्वज म्हणायचे नाही काय? (एक वाचक, सातारा)

निशाणांचा तुटवडा चीनमध्ये कधीच नव्हता. उलट, इतक्या प्रकारची निशाणे एकाच वेळी वापरणारी राजवट शोधून सापडणे कठीण. मात्र त्यांपैकी एकही निशाण ‘हा चीन आहे’ असे सांगत नसे. हे कोणाचे पथक, कोणत्या सरदाराचा तळ, कोणत्या हुद्द्याचा अधिकारी येत आहे, एवढेच निशाणावरून कळावे अशी अपेक्षा होती. नदीतून जाणाऱ्या सरकारी नावेवर त्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याची अक्षरे रंगवलेले कापड लावले जाई आणि काठावरच्या लोकांना तेवढे पुरेसे असे. बादशहाची सत्ता ‘आकाशाखालील सर्व’ भूमीवर आहे अशी जेथे धारणा होती, तेथे शेजारच्या समान दर्जाच्या राज्यापासून आपले वेगळेपण दाखवणाऱ्या खुणेची गरज भासणार तरी कशी?

सैन्यातील निशाणांना आणखी एक काम होते, ते म्हणजे इशारे देण्याचे. सोळाव्या शतकात जपानी चाच्यांविरुद्ध लढलेला, मांचूंच्या आधीच्या मिंग राजवटीचा सेनापती ची जिग्वांग याने कवायतीचे जे तपशीलवार नियम लिहून ठेवले, त्यांत पाच दिशांची पाच निशाणे आहेत : पूर्वेचे निळे, दक्षिणेचे लाल, पश्चिमेचे पांढरे, उत्तरेचे काळे आणि मध्याचे पिवळे. ज्या रंगाचे निशाण झुकेल त्या बाजूच्या तुकडीने हालचाल करायची. हे पाच रंग पुढे आरमाराच्या संदर्भात पुन्हा येणार आहेत, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

आता मांचूंच्या आठ निशाणांविषयी. मांचू सत्तेचा संस्थापक नुरहाची याने १६०१ मध्ये पिवळे, पांढरे, लाल आणि निळे अशी चार निशाणे ठरवली, आणि १६१५ पर्यंत त्यांना किनार लावून आणखी चार केली. पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्या निशाणांना लाल किनार आली, तर लाल निशाणाला लाल किनार दिसणार नाही म्हणून पांढरी. पुढे मंगोलांची आठ (१६३५) आणि हान चिनी लोकांची आठ (१६४२) अशी भर पडून एकूण चोवीस झाली. पण येथे ‘निशाण’ म्हणजे कापडापेक्षा माणसांची नोंदवही अधिक. मांचू कुटुंब जन्मापासून कोणत्या तरी एका निशाणाखाली नोंदलेले असे, आणि त्याची शिधासामग्री, पगार, लग्नाची परवानगी, सारे त्या निशाणाच्या कचेरीतून चाले. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) आतल्या शहराची वाटणीसुद्धा निशाणांप्रमाणे झालेली होती : ईशान्येला किनारीचे पिवळे, वायव्येला सलग पिवळे, आग्नेयेला सलग निळे, आणि या पद्धतीने आठही दरवाज्यांचे मोहल्ले. हान चिनी शिपायांची वेगळी, संख्येने मोठी फौज हिरवी निशाणे वापरी आणि तिला त्यावरूनच नाव पडले. किनाऱ्यावरील आणि नद्यांतील सरकारी गलबते बहुतांशी या हिरव्या निशाणांच्या फौजेकडे होती. म्हणजे १८४० च्या अफू-युद्धात इंग्रजांसमोर जी चिनी गलबते उभी राहिली, त्यांच्यावर साम्राज्याची अशी एक खूण नव्हती, तर प्रत्येक पथकाची आणि सेनाधिकाऱ्याची आपापली होती.

प्रश्न : मग १८६२ मध्येच ड्रॅगनचे निशाण का ठरवले गेले? आणि ते त्रिकोणी का? (एक वाचिका, नागपूर)

कारण परदेशी जहाजे चीनच्या नद्यांत शिरली, आणि त्यांच्या कप्तानांना हुद्द्यांची अक्षरे वाचता येत नव्हती.

निशाणावरून किती मोठा अनर्थ होऊ शकतो याचा धडा चिनी अधिकाऱ्यांना १८५६ मध्येच मिळाला होता. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला कँटनच्या बंदरात ‘ॲरो’ नावाच्या लोर्चावर, म्हणजे युरोपीय बांध्याच्या पण चिनी शिडांच्या गलबतावर, चिनी शिपाई चढले आणि चाचेगिरीच्या संशयावरून चौदापैकी बारा चिनी खलाशांना त्यांनी पकडून नेले. गलबताचा मालक चिनी, खलाशी चिनी, पण नोंदणी हाँगकाँगची आणि कप्तान ब्रिटिश. त्यातही नोंदणीची मुदत २७ सप्टेंबरलाच संपलेली. ब्रिटिश वकील हॅरी पार्क्स याचे म्हणणे असे की शिपायांनी ब्रिटिश निशाण खाली ओढले. तेथील सुभेदार येह मिंगचेन याचे म्हणणे असे की त्या वेळी गलबतावर निशाण मुळी नव्हतेच. या वादाचे निमित्त होऊन दुसरे अफू-युद्ध पेटले. येह पुढे इंग्रजांच्या हाती लागला, त्याला कलकत्त्यास नेण्यात आले आणि १८५९ मध्ये तेथेच तो कैदेत मरण पावला. युद्धाची खरी कारणे व्यापाराची आणि तहाच्या शर्तींची होती, हे उघड आहे. तरीही लंडनच्या पार्लमेंटमध्ये निशाणाच्या अपमानाचा मुद्दा पुढे करता आला, ही गोष्ट पेकिंगच्या नजरेतून सुटली नाही.

१८५८ च्या त्येनजिन तहाने यांगत्से नदी परदेशी व्यापाराला खुली झाली. नदीच्या काठी तेव्हा बादशाहीविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांशी युद्ध चालू होते. सरकारी गलबत कोणते, बंडखोरांचे कोणते आणि साध्या चाच्यांचे कोणते, हे परदेशी युद्धनौकांना कळण्यास मार्ग नव्हता, आणि चुकीने गोळीबार झाला तर ‘आम्हाला कसे कळणार?’ हे उत्तर तयार होते. परराष्ट्र व्यवहारासाठी नुकत्याच, म्हणजे १८६१ मध्ये, स्थापन झालेल्या झोंगली यामेन या कचेरीचा प्रमुख राजपुत्र गाँग आणि यांगत्सेवरील मोहिमेचा सूत्रधार झेंग ग्वोफान यांच्यात याविषयी पत्रव्यवहार झाला. १८६२ च्या शरद ऋतूत ठरले ते असे : सर्व सरकारी गलबतांनी आपापल्या पथकाची जुनी निशाणे ठेवावीत, आणि त्यांच्या जोडीला पिवळ्या रंगाचे, ड्रॅगन काढलेले एक त्रिकोणी निशाण लावावे. मोठ्या गलबतावर त्याची उभी बाजू एक झांग, म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर, लहानावर सात ते आठ ‘ची’ (दहा ‘ची’ म्हणजे एक झांग). तिरकी आणि आडवी बाजू सोयीनुसार. ड्रॅगनचे डोके वरच्या दिशेला.

या हुकुमातला ‘जोडीला’ हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. जुने निशाण काढून टाका असे कोणी म्हटले नाही. गलबत कोणत्या पथकाचे, हे चिनी माणसाला जुन्या निशाणावरून कळत राहावे, आणि परदेशी माणसाने पिवळे कापड पाहून तोफ आवरती घ्यावी, अशी ही दुहेरी सोय होती. त्रिकोणी आकार चिनी सैन्यात रुळलेला होताच. शिवाय पिवळ्या कापडावर ड्रॅगन असलेले आयताकृती निशाण आठ निशाणांपैकी सलग पिवळ्याचेही होते, तेव्हा आकार वेगळा ठेवणे सोयीचेच ठरले. पिवळा हा बादशहाचा रंग आणि ड्रॅगन ही बादशहाची आकृती असल्याने निशाण राजसत्तेचे होते, देशाचे किंवा प्रजेचे नव्हे. म्हणूनच हा हुकूम सरकारी गलबतांपुरता होता, सामान्य व्यापाऱ्याच्या जंकसाठी, म्हणजे चिनी शिडाच्या गलबतासाठी, नव्हता.

प्रश्न : माझ्याकडे असलेल्या एका जुन्या ध्वजतक्त्यात चीनच्या नावापुढे हिरव्या कापडावर पिवळी तिरपी फुली दाखवली आहे. ही छपाईतील चूक असावी काय? (एक वाचक, मुंबई)

चूक नाही. त्या निशाणामागे एक फसलेले आरमार आहे, आणि त्याचा शेवट आपल्या शहराशी जोडलेला आहे.

चीनच्या सागरी जकात खात्याचा प्रमुख त्या काळी होरेशियो नेल्सन ले हा इंग्रज होता. १८६२ मध्ये तो रजेवर इंग्लंडला असताना बंडखोरांविरुद्ध वापरण्यासाठी आगबोटींचा एक ताफा विकत घेण्याचे काम चिनी सरकारने त्याच्यावर सोपवले. त्याने बोटी घेतल्या, ब्रिटिश नौदलातील कॅप्टन शेरार्ड ऑसबर्न याला प्रमुख नेमले आणि ब्रिटिश खलाशी भरती केले. मात्र सशस्त्र बोटी समुद्रात न्यायच्या तर त्यांवर कोणत्या तरी मान्य राज्याचे निशाण हवे, नाहीतर त्यांना चाच्यांच्या बोटी समजले जाण्याचा धोका. चीनचे असे निशाण लेला माहीत नव्हते, म्हणून त्याने स्वतःच एक कल्पून काढले : हिरवे मैदान आणि त्यावर पिवळी तिरपी फुली. फेब्रुवारी १८६३ मध्ये ते लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये चीनचे निशाण म्हणून जाहीरही झाले. तिकडे पेकिंगने त्याआधी काही महिने पिवळे त्रिकोणी निशाण ठरवून टाकले होते. एका राज्याची दोन निशाणे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी आणि दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी ठरवलेली, असा तो प्रकार झाला.

खरा खटका मात्र निशाणाच्या रंगावर उडाला नाही. ले आणि ऑसबर्न यांनी जानेवारी १८६३ मध्ये आपसांत केलेल्या करारात असे कलम होते की ऑसबर्नने बादशहाचे हुकूम फक्त लेमार्फत आले तरच मानावेत, आणि जो हुकूम लेला वाजवी वाटणार नाही तो त्याने पुढे पाठवू नये. म्हणजे पैसा चीनचा, बोटी चीनच्या, आणि हुकूम चालणार जकात खात्यातल्या एका इंग्रजाचा! सप्टेंबर १८६३ मध्ये ताफा शांघायला पोहोचला, राजपुत्र गाँगने करार मान्य करण्यास साफ नकार दिला, आणि झेंग ग्वोफान व ली हाँगझांग हे प्रांतांतील मातब्बरही विरोधात गेले. नोव्हेंबरमध्ये ताफा मोडण्याचे ठरले. लेला बडतर्फ करून त्याच्या जागी रॉबर्ट हार्टची नेमणूक झाली. बोटी चीनमध्येच विकल्या तर त्या जपानी सरदारांच्या किंवा अमेरिकेतील यादवी युद्धात गुंतलेल्यांच्या हाती पडतील, अशी ब्रिटिश वकील फ्रेडरिक ब्रूस याला धास्ती होती. त्यामुळे काही बोटी इंग्लंडला आणि काही विक्रीसाठी मुंबईला रवाना झाल्या. जाता जाता सांगण्याजोगे म्हणजे, पुढे १८६५ च्या सुमारास हाच ऑसबर्न ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा एजंट झाला.

लेचे निशाण राष्ट्राचे म्हणून बाद झाले, पण हिरवे मैदान आणि पिवळी फुली ही जोडी जकात खात्याने आपलीशी केली आणि ती खात्याच्या निशाणात टिकून राहिली. आपल्या तक्त्यात दिसते ते याच घराण्यातले निशाण आहे. तक्त्यावर वर्ष असल्यास ते पाहावे : १८६३ च्या आसपासचे असेल तर छापणाऱ्याने गॅझेटवर विश्वास ठेवला, आणि पुढचे असेल तर त्याने जकातीच्या निशाणाला देशाचे निशाण समजले.

प्रश्न : ड्रॅगनचे निशाण आयताकृती कधी झाले? त्यावरील लाल गोळा म्हणजे सूर्य काय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

१८८८ मध्ये बेयांग आरमाराची, म्हणजे उत्तर समुद्राच्या ताफ्याची, रीतसर स्थापना झाली आणि त्याची नियमावली मंजूर झाली. परदेशांशी आता वारंवार संबंध येतो, पाश्चात्त्य राज्यांची निशाणे आयताकृती असतात, तेव्हा युद्धनौकांवरचे राष्ट्रीय निशाणही तसेच करावे, असे त्या नियमावलीत कारण देऊन म्हटले आहे. रंग पूर्वीचाच, मध्यभागी निळा उडता ड्रॅगन. १८८९ पासून हा आकार रूढ झाला.

लाल गोळा हा ज्वाळांनी वेढलेला मोती आहे. ड्रॅगन त्याच्या मागे लागलेला असतो, आणि हा मोती काठीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळ काढत, त्यामुळे ड्रॅगन काठीकडे तोंड करून झेप घेत आहे असे दिसते. पंजाला पाच नखे, कारण पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. चार नखांचा त्याहून खालच्या दर्जाचा. निशाणे हाताने रंगवलेली किंवा कापड कापून शिवलेली असत, त्यामुळे उपलब्ध नमुन्यांत दोन ड्रॅगन सारखे आढळत नाहीत. कुठे अंगाला दोनच वळसे, कुठे चार, कुठे पोट पांढरे, कुठे पिवळ्यातच मिसळलेले. पाश्चात्त्य तक्तेकारांनी तर कधी कधी त्याला मगरीसारखे काढले आहे. समुद्रावर साधे पिवळे निशाण तेव्हा संसर्गजन्य रोगाचा इशारा समजले जाई, तेव्हा लांबून तो ड्रॅगन नीट दिसणे चिनी जहाजांच्या हिताचे होते, एवढे गमतीने म्हणता येईल.

प्रश्न : एका निशाणावरून चिनी आरमाराने आपला इंग्रज प्रशिक्षक गमावला, असे वाचनात आले. एवढ्याशा गोष्टीवरून असे घडू शकते काय? (एक निवृत्त नौदल कर्मचारी, रत्नागिरी)

आपण स्वतः नौदलात होता, तेव्हा प्रश्नातील ‘एवढ्याशा’ हा शब्द आपण मुद्दामच घातला असावा. जहाजाच्या डोलकाठीवर ज्याचे निशाण, त्याचा हुकूम. पेशव्यांच्या काळी मोहिमेवर निघणाऱ्या सरदारासोबत जरीपटका दिला की फौजेची मुखत्यारी कोणाकडे हे वेगळे सांगावे लागत नसे, तसेच हे आहे.

विल्यम लँग हा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी होता. तो १८८२ पासून, आणि मधल्या खंडानंतर पुन्हा १८८६ पासून, बेयांग आरमाराच्या प्रशिक्षणाचे काम पाहत होता. शिस्तीचा कडक, सकाळ-संध्याकाळ कवायत घेणारा. आरमाराचा प्रमुख डिंग रुचांग हा आन्ह्वेइ प्रांतातला, मूळचा घोडदळातला. जहाजांचे कप्तान मात्र बहुतेक फुजियानचे, फूचौच्या नाविक शाळेत शिकलेले, आणि त्यांतील काही इंग्लंडलाही जाऊन आलेले. ज्याला समुद्र कळतो तो हुकूम घेणार आणि ज्याला कळत नाही तो देणार, ही कुरबुर आधीपासून होती. त्यात लँगला त्याच्या सेवेबद्दल ॲडमिरलचा मानद हुद्दा मिळाला आणि सरकारी पत्रव्यवहारात त्याला ॲडमिरल म्हणून संबोधले जाऊ लागले. चिनी दरबारात मानद हुद्दा म्हणजे गौरव. ब्रिटिश नौदलातून आलेल्या माणसाला तो अधिकार वाटला.

१८८८ च्या नियमावलीने पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे हुद्द्यांची निशाणेही ठरवली होती. ॲडमिरलचे पाच रंगांचे आयताकृती, आणि त्याखालील सेनाधिकाऱ्यांचे तीन रंगांचे. १८९० च्या मार्चच्या आरंभी ताफा हिवाळ्यासाठी हाँगकाँगला नांगरलेला असताना डिंग काही जहाजे घेऊन दक्षिणेकडे हायनानच्या बाजूला गेला. तो दूर जाताच ‘डिंगयुआन’ या मुख्य जहाजाचा कप्तान ल्यू बूचान याने डोलकाठीवरचे पाचरंगी निशाण उतरवले आणि आपल्या हुद्द्याचे तीन रंगांचे चढवले. लँग जहाजावरच होता. डिंग गेला तरी मी येथे आहे, मग दुय्यम हुद्द्याचे निशाण कशासाठी, असे त्याने विचारले. ल्यूने आरमाराच्या रिवाजाकडे बोट दाखवले. ताफ्यात ॲडमिरल एक आहे की दोन, हा प्रश्न इतकी वर्षे कोणी विचारला नव्हता. आता तो हाँगकाँगच्या बंदरात, साऱ्या ब्रिटिश युद्धनौकांच्या देखत, डोलकाठीवर टांगला गेला.

लँगने तारेने ली हाँगझांगकडे दाद मागितली. ली हा उत्तरेतील सर्वाधिकारी, आरमाराचा खरा धनी. त्याने ‘झेनयुआन’चा कप्तान लिन तायझेंग याला तार पाठवली, तिचा आशय असा : लँगने कोणते निशाण लावावे याविषयी नियमावलीत काही लिहिलेले नाही, चार रंगांचे एक आयताकृती निशाण तयार करून घेता येईल, म्हणजे ॲडमिरलहून ते वेगळे दिसेल. पाच आणि तीन यांच्या मधले चार! कसलेल्या दरबारी माणसाचे हे उत्तर आहे. कोणाला नाही म्हणायचे नाही, पण लँगची पायरी डिंगच्या खाली आहे हे कापडाच्या पट्ट्यांतून सांगून टाकायचे. लँगला ते उमगले. ताफा उत्तरेला परतल्यावर त्याने त्येनजिनला प्रत्यक्ष भेटून पुन्हा विचारणा केली, लीने ल्यू बूचानच्या कृतीला पाठिंबा दिला, आणि जूनमध्ये लँगने राजीनामा देऊन इंग्लंड गाठले. त्यानंतर काही काळ ब्रिटिश सरकारने चिनी नौदल विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी घेण्याचेही टाळले.

दोष कोणाचा, यावर चिनी इतिहासकारांत आजही दोन तट आहेत. माझ्या मते ल्यू बूचानची कृती नियमाला धरून होती, आणि ज्या राजवटीने ले-ऑसबर्नचा ताफा ‘हुकूम आमचाच चालेल’ म्हणून परत पाठवला, तिने सत्तावीस वर्षांनी लँगला वेगळे उत्तर देणे शक्य नव्हते. चूक झाली ती आधी, त्याला ॲडमिरल म्हणवून घेऊ देण्यात. लँग गेल्यावर कवायती ढिल्या पडल्या, असे अनेकांनी नोंदवले आहे. पण चार वर्षांनी झालेल्या पराभवाचे खापर केवळ त्या घटनेवर फोडणेही योग्य नाही. दारूगोळ्याचा तुटवडा आणि नव्या जहाजांसाठी पैसा न मिळणे ही कारणे अधिक वजनाची आहेत.

प्रश्न : यालूच्या लढाईत निशाणांचा काही परिणाम झाला काय? (एक वाचक, पुणे)

झाला, तोही निशाण नसण्याचा. १७ सप्टेंबर १८९४ रोजी लढाई सुरू होताच ‘डिंगयुआन’च्या स्वतःच्याच तोफेच्या धक्क्याने तिचा वरचा पूल कोसळून डिंग रुचांग जखमी झाला, आणि थोड्याच वेळात जपानी गोळ्यांनी इशाऱ्यांची निशाणे चढवण्याची साधने उद्ध्वस्त केली. बिनतारी यंत्रणा अजून जन्मायची होती, त्यामुळे मुख्य जहाजावरून दोऱ्या आणि कापड गेले की ताफ्याला हुकूम देण्याचे साधनच गेले. डिंगने आधीच कप्तानांना ढोबळ सूचना दिल्या होत्या : जोडीच्या जहाजांनी एकमेकांना साथ द्यावी, तोंड शत्रूकडे ठेवावे, आणि मुख्य जहाज जसे वळेल तसे वळावे. पण धुरात मुख्य जहाज दिसले तर ना! दुपार सरताना ‘जिंगयुआन’चा कप्तान ये झूग्वेइ याने आपल्या जहाजावर नेतृत्वाचे निशाण चढवले, तेव्हा कुठे विखुरलेली जहाजे एकत्र येऊ लागली. या लढाईत चिनी ताफ्याने एकूण पाच जहाजे गमावली.

पुढच्या फेब्रुवारीत वेहाइवेइ येथे वेढ्यात सापडलेल्या उरल्यासुरल्या ताफ्याने शरणागती पत्करली आणि डिंगने विष घेऊन जीवन संपवले. शरणपत्र घेऊन ‘झेनबेइ’ या तोफनौकेवर पांढरे निशाण लावून जपान्यांकडे गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव चेंग बिग्वांग. ते पुढच्या उत्तरात पुन्हा येईल.

प्रश्न : चिनी युद्धनौकेचे एक जुने छापील चित्र माझ्या संग्रही आहे. त्यावर आडव्या पाच पट्ट्यांचे रंगीत निशाण दिसते. ते बादशाही काळातले मानावे की नंतरचे? (एक वाचक, पणजी)

चित्र न पाहता ठाम सांगता येणार नाही, पण कसे तपासावे ते सांगता येईल.

पाच पट्ट्यांचे निशाण दोन वेगळ्या अर्थांनी आढळते. वर सांगितल्याप्रमाणे बादशाही आरमारात ते ॲडमिरलच्या हुद्द्याचे होते. त्यामागे जुन्या पंचदिशांचे आणि पंचतत्त्वांचे रंग आहेत. नंतर, १९११ च्या वुचांग उठावातून गणराज्य आले तेव्हा जानेवारी १९१२ मध्ये नानजिंगच्या हंगामी संसदेने पाच पट्ट्यांचाच राष्ट्रध्वज पसंत केला : वरून खाली लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा. हान, मांचू, मंगोल, मुसलमान आणि तिबेटी अशा पाच समाजांसाठी पाच रंग, असा अर्थ त्याला देण्यात आला. बादशाही आरमाराच्या अधिकाऱ्याचे निशाण म्हणून हे कापड आधीच ओळखीचे आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. नौदलाने स्वतःपुरते लाल मैदान आणि कोपऱ्यात निळ्या आकाशातला पांढरा सूर्य हे निशाण स्वीकारले.

म्हणून पहिल्याने निशाण जहाजाच्या कोणत्या भागावर आहे ते पाहावे. राष्ट्रीय निशाण मागच्या टोकाला असते, हुद्द्याचे निशाण डोलकाठीच्या शेंड्याला. पाचरंगी कापड डोलकाठीवर आणि मागच्या टोकाला पिवळे ड्रॅगनचे निशाण असेल, तर चित्र १८८८ ते १९१२ मधले आणि जहाजावर ॲडमिरल आहे, असे समजावे. ड्रॅगनचे निशाण त्रिकोणी असेल तर चित्र त्याहून जुने, १८६२ ते १८८९ च्या दरम्यानचे. मात्र लहान सरकारी होड्यांवर त्रिकोणी निशाण त्यानंतरही दिसते, त्यामुळे होडीचे चित्र असल्यास एवढ्यावर विसंबू नये. त्यानंतर पट्ट्यांचा क्रम पाहावा. वर दिलेल्या क्रमाशी तो जुळत नसेल, तर गणराज्याचा राष्ट्रध्वज नाही असे जवळपास निश्चित म्हणता येईल. हाताने रंग भरलेल्या छपाईत मात्र रंग भरणाऱ्याने क्रम उलटापालटा केल्याची उदाहरणे मिळतात.

जहाजाचे नाव वाचता आले तर काम आणखी सोपे होते, अपवाद एकच. ‘हाय ची’ ही क्रूझर एप्रिल १९११ मध्ये चेंग बिग्वांगच्या नेतृत्वाखाली, राजा पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडमध्ये होणाऱ्या आरमारी संचलनासाठी शांघायहून निघाली, इंग्लंडहून न्यूयॉर्क आणि क्यूबाला गेली, आणि १९१२ च्या मे महिन्यात परतली. निघताना तिच्यावर ड्रॅगनचे निशाण होते. प्रवासात असतानाच मायदेशी राजवट बदलली आणि परतताना तिच्यावर गणराज्याचे निशाण होते. तेव्हा आपल्या चित्रातले जहाज ‘हाय ची’ निघाले, तर जहाजावरून नव्हे, चित्राखालच्या बंदराच्या नावावरून वर्ष ठरवावे. न्यूयॉर्क असेल तर ड्रॅगनच हवा.

आणि चित्र युद्धनौकेचे नसून पेकिंगच्या रस्त्याचे असते, तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी लागली असती. जुलै १९१७ मध्ये सेनापती झांग श्युन याने पदच्युत बालसम्राट पू यी याला पुन्हा गादीवर बसवले, तेव्हा दुकानदारांना घाईघाईने ड्रॅगनची निशाणे लावण्याचा हुकूम झाला, आणि खरी निशाणे मिळेनात म्हणून अनेकांनी कागदाची करून टांगली. तो प्रयोग बारा दिवसांत आटोपला. त्या वेळच्या छायाचित्रांवर तारीख नसली की ती सरसकट १९१२ पूर्वीची म्हणून खपवली जातात, एवढे संग्राहकांनी जपावे.